मोटेचं पाणी

हिंग आपल्या कित्येक घरांत वर्ज्य होता. कारण विचारलं तर जुन्या बायका एवढंच म्हणायच्या, "तो चामड्यातून येतो." पुढे काही सांगायच्या नाहीत. आज डबीतला पांढरा-पिवळा हिंग आपण सर्रास फोडणीत टाकतो आणि तो नियम जुन्या सोवळ्याच्या खात्यात जमा करतो. पण तो नियम निव्वळ सोवळ्याचा नव्हता. वस्तू कुठून आली, कशातून आली आणि वाटेत तिला कोणाचा स्पर्श झाला, हे विचारल्याशिवाय ती ताटात घ्यायची नाही, असा तो नियम होता. हिंग अफगाणिस्तानच्या बाजूने यायचा आणि जुन्या काळी तो कातड्याच्या पिशव्यांत बांधलेला असायचा, म्हणून तो नको.

तेराव्या शतकात माळव्यात, धारजवळच्या नालछा गावी राहून पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' हा श्रावकाचाराचा ग्रंथ लिहिला. ज्याने मांस सोडलं त्याने चामड्याच्या भांड्यातलं पाणी, तेल, तूपही सोडावं, चामड्यात राहिलेला हिंगही सोडावा, असं त्यात सांगितलेलं आहे. म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे चामड्याचा विचार झाला होता, आणि तो थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. तो विचार बायकांनी टिकवला, हेही इथे सांगायला हवं. ग्रंथ वाचणारे थोडे. पखालीतलं पाणी नाकारणाऱ्या, तेल कशात आणलं हे दारातच विचारणाऱ्या बायका घरोघरी होत्या.

आता या गोष्टीची दुसरी बाजू बघूया. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातला आपला समाज व्यापारी कमी आणि शेतकरी जास्त. इंजिन येण्याआधी या शेतकऱ्याच्या मळ्याला पाणी कशाने मिळायचं? मोटेनं. आणि मोट होती चामड्याची.

ज्यांनी मोट पाहिली नाही अशा लेकी-सुनांसाठी थोडं सविस्तर सांगते. मोट म्हणजे कातड्याची भलीमोठी पिशवी. तिला खालून लांब सोंड असायची. वरच्या जाड दोराला नाडा म्हणत, सोंडेला बांधलेल्या बारीक दोराला सोंदूर. बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की भरलेली मोट विहिरीतून वर यायची, सोंड थारोळ्यात सैल पडायची आणि भसाभस पाणी ओतलं जायचं. तिथून पाटाने ते ऊस, मिरची, भाजीपाल्याला. बैल मागे सरकत वर आले की रिकामी मोट परत विहिरीत. पहाटेपासून हे चालायचं. मोट पाण्यात भिजत राहिली की कुजे, उन्हात वाळली की तडके. तिला वरचेवर तेल लावायचं, ठिगळं मारायची आणि काही काळाने नवी मोट शिवून घ्यायची.

म्हणजे बघा, ज्या घरात पाणी दुहेरी कापडाने गाळल्याशिवाय कोणी ओठाला लावत नसे, त्याच घराचं पीक चामड्यातून आलेल्या पाण्यावर उभं होतं. बहुतेक ठिकाणी पिण्याचं पाणी वेगळं शेंदलं जाई, दोराने आणि पितळेच्या घागरीने. मळ्याचं वेगळं, माजघराचं वेगळं. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. दुसरा उपाय हाताशी नव्हता. जिथे सोडता येत होतं तिथे त्यांनी सोडलं, जिथे येत नव्हतं तिथे रेघ ओढली. प्रश्न रेघेचा नाही. रेघेच्या पलीकडे कोण उभं होतं, याचा आहे.

मोट आकाशातून पडत नसे. गावात बैल किंवा म्हैस मेली की ती ओढून न्यायचं काम महारांवर लादलेलं होतं. कातडं कमावायचं काम ढोर समाजाकडे, शिवण्याचं चांभारांकडे, दोर वळण्याचं मांगांकडे. गावोगाव यात थोडाफार फरक असे, पण चौकट हीच. बलुत्याच्या धान्यात त्यांचा मोबदला. कातडं कमावण्याच्या जागा गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. चुन्याच्या हौदात कातडं भिजवायचं, केस आणि मांस खरवडायचं, मग सालीच्या पाण्यात दिवस-दिवस मुरवायचं. हात फाटायचे, वास अंगातून जायचा नाही. आणि त्या वासाचंच कारण पुढे करून त्यांना पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही. ज्यांच्या हातच्या मोटेने गावच्या विहिरी उपसल्या, त्यांनाच विहिरीला शिवायला बंदी.

आजच्या भाषेत 'पारदर्शकता' म्हणतात, ती एका अर्थाने तेव्हा पुरेपूर होती. कातडं कोणत्या बैलाचं, तो कशाने मेला, कोणी कमावलं, कोणी शिवलं, सगळं गावाला ठाऊक. दुसऱ्या अर्थाने सगळं झाकलेलं. वस्तू दिसत होती, माणूस दिसत नव्हता. आपल्या पूर्वजांनी जिवाचा विचार मुंगीपर्यंत नेला. हौदात उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो किती पोचला, हे आपण आपल्यालाच विचारलेलं बरं.

आमच्या या कन्नड-मराठी सीमेवर हा प्रश्न बाराव्या शतकात विचारला गेला होता. बसवेश्वरांच्या कल्याणमध्ये चर्मकार हरळय्या होते, कातडं कमावणारे कक्कय्या होते. हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्याच मांडीचं कातडं काढून बसवेश्वरांसाठी जोडे केले, अशी कथा इकडे घरोघरी सांगतात. कथा म्हणून ऐकली तरी तिचा रोख कळतो. कातड्याचं मोल खरं कोण देतो, ते ती सांगते. त्याच हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातल्या मुलीशी ठरलं आणि त्यापायी दोन्ही व्याह्यांना देहदंड झाला. कक्कय्यांची समाधी खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला आहे. ढोर समाज त्यांचंच नाव लावतो.

पुढे १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना सांगितलं की मेलेली जनावरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा. पोट भरत असेल, पण माणूसपण जातंय. गांधीजींचा विचार वेगळ्या अंगाने गेला. मारलेल्या जनावराचं नको, आपोआप मेलेल्याचं चामडं वापरा, ते अहिंसक, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय निघालं आणि सवर्ण कार्यकर्ते स्वतः कातडं कमावायला शिकले. आपल्याला गांधीजींचा मार्ग चटकन आवडतो, कारण त्यात जीव मारावा लागत नाही. पण बाबासाहेबांचा प्रश्न त्याने मिटत नाही. मेलेलं जनावर ओढायचं कोणी? 'अहिंसक' या शब्दात तो ओढणारा धरला आहे की नाही?

मोट शेवटी गेली, पण अहिंसेमुळे नव्हे, इंजिनामुळे. ज्यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने शेताचं रूप पालटायला सुरुवात झाली. मग पंप आले, ऑइल इंजिनं आली, नंतर वीज आली. धावा बुजल्या, थारोळी ढासळली. आपल्या शेतातून चामडं निघून गेलं आणि आपल्याला वाटलं, बरं झालं, सुटलो. गावातल्या कातडं कमावणाऱ्याचं मोठं गिऱ्हाईकही त्याबरोबर गेलं, हे फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

चामडं मात्र जगातून कमी झालं नव्हतं, फक्त आपल्या नजरेआड झालं होतं. इंग्रजांनी १८६० च्या दशकात कानपूरला लष्करासाठी खोगीर आणि सरंजामाचा सरकारी कारखाना काढला. मद्रासकडे तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी विलायतेला जाऊ लागली. तरवड म्हणजे आपल्या माळावर पिवळ्या फुलांनी डवरतो तोच. तिकडे युरोप-अमेरिकेत क्रोमियमच्या क्षाराने कातडं कमावण्याची युक्ती निघाली होती. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्झने १८८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९०३ च्या सुमाराला आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने ती मद्रासला आणली. गंमत अशी, की मोटेसाठी टिकाऊ चामडं मिळावं, हाही त्याचा एक हेतू होता.

सालीने कातडं कमावायला महिना-दीड महिना लागतो, क्रोमने एक-दोन दिवसांत काम होतं. चामडं मऊ, हलकं, हव्या त्या रंगाचं होतं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच आहे. पण हौदातलं उरलेलं पाणी जातं कुठे? तमिळनाडूत ते पालार नदीत आणि शेतांत गेलं. वेल्लोर भागातल्या विहिरी खारट आणि रंगीत झाल्या, जमिनी नापीक झाल्या. लोक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ ला निकाल दिला. तिथे ९०० हून अधिक टॅनऱ्या होत्या. प्रत्येकीला १०,००० रुपये दंड झाला आणि 'जो घाण करील त्यानेच निस्तरण्याचा खर्च सोसावा' हे तत्त्व या देशाच्या कायद्यात पक्कं झालं. कानपूरच्या जाजमऊ भागातल्या टॅनऱ्यांना गंगेत सांडपाणी सोडण्याबद्दल त्याच न्यायालयाने १९८७ मध्येच बजावलं होतं. तरीही ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटला टॅनऱ्यांच्या सांडपाण्याच्या गाळाची टाकी फुटली आणि झोपलेले १० कामगार त्या गाळात गुदमरून मेले. बहुतेक जण बंगालहून पोटासाठी आलेले.

आपण गाळणं लावतो ते पाण्यातला सूक्ष्म जीव वाचावा म्हणून. एका नदीतले सगळे जीव, तिच्या काठची शेतं आणि टाकीखाली झोपलेली दहा माणसं कोणत्या गाळण्यातून निसटली?

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ, कोल्हापुरी चपलेचं. नाव कोल्हापूरचं, पण अथणी, निपाणी भागातल्या शेकडो घरांत ती बनते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडतो, चपलेने मात्र दोन्ही राज्यांना एका जोडीत बसवलं!

खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची. तळ बहुतेक म्हशीच्या जाड चामड्याचा. खिळा नाही, शिवण चामड्याच्याच वादीची. कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे तिचे घाट. यातली वेणी घालणं, बारीक नक्षी, गोंडे हे काम बायकांचं. कापणं आणि तळ ठोकणं पुरुषांचं, नाजूक काम बाईचं, बाजारात जाऊन पैसे मोजून घेणं परत पुरुषाचं. विसाव्या शतकाच्या अखेरीला अथणीत 'टो होल्ड' नावाचा उपक्रम सुरू झाला. तिथल्या चर्मकार बायकांचे बचतगट झाले, त्या स्वतःच्या नावावर माल करू लागल्या, परदेशी पाठवू लागल्या. बाईचं काम बाईच्या नावावर दिसणं, ही पारदर्शकता मला कुठल्याही शिक्क्यापेक्षा मोठी वाटते.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा या बड्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. गदारोळ झाला. मग कंपनीने मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं आणि वर्ष संपताना दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. त्याच सुमाराला महाराष्ट्राच्या महामंडळाने कोल्हापुरीला क्यूआर कोडचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. मोबाईल धरला की चप्पल कोणी, कुठे केली ते कळावं. बलुत्याच्या काळात जे सगळ्या गावाला तोंडपाठ होतं, ते सांगायला आता कोड लागतो. असू दे. पूर्वी कारागीर माहीत होता पण त्याला मान नव्हता; आता त्याचं नाव छापून येतंय, हे थोडं नाही.

तरीही अडचण संपत नाही. सालीने कमावलं तरी पाणी लागतंच, चुना ओढ्यात जातोच. आणि कातडं येतं कुठून? महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल दोन्हींच्या कत्तलीला बंदी आहे, कर्नाटकात २०२१ पासून कायदा आणखी कडक झाला. आपल्यातल्या पुष्कळांना त्याचा आनंद झाला. पण २०१६ च्या जुलैत गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गोहत्येच्या संशयावरून उघड्यावर मारलं गेलं. त्यानंतर तिकडच्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायचंच नाकारलं. नव्वद वर्षांपूर्वीचा महाडचा प्रश्न तसाच समोर येऊन उभा राहिला. ज्या कामाशिवाय गाव राहू शकत नाही, ते करणाऱ्याला शिक्षा कसली?

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट आपल्यालाच बोलायला हवी. चामडं आणि दूध ही एकाच जनावराची दोन टोकं आहेत. ज्या म्हशीचं दूध आपण तापवून साय काढतो, ती आटली की कुठे जाते? भाकड म्हशीला आयुष्यभर पोसणारा शेतकरी आता किती उरला? आपल्या पायात चामडं नसेल, पण चहात दूध आहे तोवर या साखळीच्या बाहेर आपण नाही. हे कोणाला टोचावं म्हणून लिहीत नाही. मीही चहा दुधाचाच पिते. पण "आम्ही चामडं वापरत नाही" एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत, हे माहीत असावं.

चामडं सोडून आपण काय घेतलं, तेही बघा. पर्स, चपला, सोफ्याची गवसणी, गाडीची सीट. पेटीवर 'व्हीगन लेदर' लिहिलेलं असतं आणि आत असतं रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे प्लॅस्टिकच. दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात, मग ते कचऱ्यात जातं आणि कुजत नाही. जाळलं तर विषारी धूर. कचऱ्याच्या ढिगावर ते चघळणारी गाय आपल्याच गल्लीतली असते. जनावर मारलं नाही हे खरं. जनावर वाचलं हे खरं की नाही, याचा हिशेब अजून व्हायचा आहे. शिवाय 'जेन्युइन लेदर' हा सोनेरी शिक्का जेवढा मुका, तेवढाच 'व्हीगन'चाही. कोणतं जनावर, कशाने कमावलं, कोणत्या नदीकाठी, हे एक सांगत नाही. कोणत्या तेलापासून बनलं आणि शेवटी कुठे जाणार, हे दुसरा सांगत नाही.

युरोपने यात थोडी शिस्त आणली. चामड्याला रंग टिकावा म्हणून किंवा बुरशी लागू नये म्हणून वापरलेली काही रसायनं तिथे बंद झाली. २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात घातक प्रकारचं क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडच्या टॅनऱ्यांना निर्यातीसाठी हे पाळावं लागलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, म्हणून इथे बदल झाला. मग इथल्या गिऱ्हाइकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, का विचारू नये?

विचारण्याची सवय आपल्याला नवी नाही. आपल्या मुनिमहाराजांच्या हातातली पिंछी मोरपिसांची असते. पीस जनावराच्या अंगचंच, तरी ते चालतं, कारण मोराने ते आपणहून गाळलेलं असतं. वस्तू तीच, पण ती कशी मिळाली यावर तिचं ग्राह्य-अग्राह्य ठरतं. बस्तीतल्या भजनाला तबला-ढोलकी असते, तिच्यावर कातडं असतं, त्याबद्दल मात्र आपण कधी विचारत नाही. पिंछीला लावलेली कसोटी ढोलकीला, चपलेला, पर्सला, रेक्झिनलाही लावली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

काहीजणी चामडं पूर्ण सोडतील. त्यांनी कापडी, तागाच्या, रबरी तळाच्या वस्तू घ्याव्यात, कमी घ्याव्यात, पुष्कळ दिवस वापराव्यात. काहीजणींच्या घरात पायाच्या त्रासामुळे, नोकरीच्या गणवेशामुळे चामडं राहील. त्यांनी एकच जोड घ्यावा, सालीने कमावलेला, करणाऱ्याचा ठावठिकाणा माहीत असलेला, आणि फाटला तर शिवून घ्यावा. शिवणाऱ्याशी घासाघीस करू नये. दोघींपैकी कोणी कोणाला कमी लेखू नये. दुकानात मात्र दोघींनी विचारावं: हे कशाचं आहे, कशाने कमावलंय, कोणी केलंय?

दुकानदार चिडेल. "ताई, तुम्हाला चप्पल घ्यायची आहे की चौकशी करायची आहे?" असं म्हणेल. म्हणू दे. आपल्या आज्या-पणज्यांना तेलवाला आणि हिंगवालाही असंच म्हणत असणार. त्या दारातून हलल्या नाहीत, म्हणून तो नियम आठशे वर्षं टिकला. त्यांनी जिवाबद्दल विचारलं. आपण जिवाबरोबर माणसाबद्दलही विचारू.